शेततळ्यातल्या माशांना लसूण, हळद, तुळस देताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

थंडी सुरू झाली की निफाड-सिन्नर पट्ट्यातून मला फोन यायला लागतात, आणि त्यातल्या बहुतेकांत एक वाक्य असतंच: "कडुनिंबाचा पाला टाकला, तरी मासे वर येताहेत." त्या वाक्यात 'तरी'च्या जागी 'म्हणून' हवं. पाला पाण्यात कुजतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घ्यायला लागतात. माझ्या पहिल्या तळ्यात मी हेच केलं होतं. दोन गोणी पाला टाकला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कडेला कटले उताणे पडलेले दिसले. कटले आधी गेले, रोहू नंतर. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही, म्हणूनच हे इतक्या बारकाईने लिहितो आहे.

रोग टाळायला वनस्पतींचा उपयोग होतो. पण त्या खाद्यातून, मोजून, ठरावीक दिवस आणि आजार येण्याआधी दिल्या तरच. खाली दिलेला क्रम बदलू नका. बहुतेकांचं नुकसान क्रम चुकल्यामुळेच होतं.

## टप्पा १: आधी पाणी तपासा

पाणी बिघडलेलं असताना दिलेली कुठलीही वनस्पती वाया जाते. गुदमरलेला मासा खात नाही, मग त्याला खाद्यातून काहीच पोचत नाही.

प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात मातीचा संबंध तुटलेला असतो. मातीचं तळं थोडीफार चूक पोटात घेतं, कागदाचं तळं घेत नाही. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा तळाशी साचून राहते आणि अमोनिया वाढतो. म्हणून दोन वेळा तपासायचं: सूर्य उगवण्यापूर्वी आणि दुपारी ३ च्या सुमारास. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, तर दुपारी शेवाळामुळे सामू (pH) सर्वांत जास्त असतो. सामू चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

हे आकडे वहीत लिहून ठेवा:

- विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा.
- सामू ७.५ ते ८.५.
- मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत.
- पारदर्शकता २५ ते ४० सेंटिमीटर. पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजा.

किट नसेल तर निदान पहाटे तळ्यावर जाऊन उभे राहा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि तुमची चाहूल लागूनही खाली जात नसतील, तर प्राणवायू कमी आहे. एअरेटर लावा किंवा पंपाने पाणी उंचावरून तळ्यात पाडा, थोडं पाणी बदला आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवा. लसूण-हळदीचा विचार त्यानंतर.

तपासणी: सलग तीन पहाटे मासे वर आले नाहीत, तरच पुढच्या टप्प्यावर जा.

सावध: कागदाच्या तळ्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो. नमुना घ्यायला एकट्याने उतरू नका. काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली ठेवा. तळ्यात घसरलेल्या माणसाला त्या कागदावरून चढून येता येत नाही.

## टप्पा २: तळ्यात मासा किती आहे ते काढा

हा टप्पा सगळे गाळतात. औषधाची मात्रा माशाच्या वजनावर ठरते, तळ्याच्या आकारावर नाही.

फेकजाळ्याने तळ्याच्या तीन-चार बाजूंनी मिळून २० ते ३० मासे पकडा, एकत्र वजन करा आणि सरासरी काढा. समजा, १,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती, त्यातली ८० टक्के जगली असं धरलं आणि सरासरी वजन २५० ग्रॅम आलं:

- ८०० मासे × २५० ग्रॅम = २०० किलो मासा
- दिवसाला वजनाच्या २ टक्के खाद्य = ४ किलो
- किलो खाद्याला १० ग्रॅम लसूण = दिवसाला ४० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा गड्डा

आता हेच पाण्यातून द्यायचं म्हटलं तर काय होतं ते बघा. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याला १:१ उतार धरला तर मध्यावरची बाजू २७ मीटर भरते. २७ × २७ × ३ म्हणजे २,१८७ घनमीटर, जवळपास २२ लाख लिटर पाणी. त्यात किलोभर लसूण ठेचून टाकला तरी लिटरला अर्धा मिलिग्रॅमही पडत नाही. माशापर्यंत काही पोचत नाही, उलट चोथा तेवढा तळाशी कुजतो.

## टप्पा ३: वनस्पती निवडा, आणि काय निवडायचं नाही तेही ठरवा

मी दोनच गोष्टींवर भर देतो: लसूण आणि हळद. दोन्ही घरात असतात, वजन करता येतात आणि मात्रा थोडी चुकली तरी मासा मरत नाही.

लसूण: सोललेला, ताजा. किलो खाद्याला १० ग्रॅम. कोंब फुटलेला, बुरशी आलेला किंवा बाजारातली तयार पेस्ट नको. पेस्टमध्ये मीठ, आम्ल आणि टिकवण्याचे पदार्थ असतात.

हळद: किलो खाद्याला ३ ते ५ ग्रॅम. हळकुंड आणून स्वतः दळून घ्या. सुट्ट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, आणि रोज त्याच खाद्यावर जगणाऱ्या माशाच्या अंगात ती साठत जाते.

तुळस, पेरूची पानं: सावलीत वाळवून केलेली पूड, किलोला ५ ग्रॅमच्या पुढे नको. मात्र पानं कुठून आणता ते बघा. द्राक्षबागेच्या बांधावरची तुळस किंवा फवारणी झालेल्या पेरूच्या बागेतला पाला चालणार नाही. देवळाच्या निर्माल्यातली तुळसही नको. तिच्यावर कुंकू, गुलाल, तेल आणि बुरशी सगळं असतं.

शेवग्याचा पाला हा औषध कमी आणि खाद्याचा घटक जास्त. तो वाढवत नेला तर त्यातले कडवट घटक माशाची वाढ मंदावतात. हौसेने टोपलीभर घालू नका.

दुकानातून काही मागवताना नावाचा घोळ होतो. कलौंजी हवी असते आणि हातात कडू काळं जिरं पडतं. ही दोन वेगळ्या झाडांची बियाणं आहेत. ओळख पटत नसेल ती वस्तू वापरूच नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य माशांच्या बाबतीत धोक्याचं आहे. मोहाच्या पेंडीत सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारा घटक) असतं आणि ते माशाच्या कल्ल्यांवर आणि रक्तावर घाला घालतं. बीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड वापरतात. हेक्टरी एक मीटर खोल पाण्याला २,००० ते २,५०० किलो टाकतात आणि विषाचा असर उतरायला दोन-तीन आठवडे थांबतात. पेठ-सुरगाण्याकडून स्वस्तात पेंड मिळाली म्हणून ती मासे असलेल्या तळ्यात खाद्य समजून टाकली, तर एका रात्रीत तळं रिकामं होईल. रिठा आणि शिकेकाईतही सॅपोनिन आहे. गेळफळ आणि रामेठा तर डोंगरातले लोक ओहोळात मासे गुंगवायला वापरत आले आहेत. कडुनिंबाचं तेल आणि निंबोळी अर्कही माशांना विषारी ठरतो. बागेसाठी आणलेल्या निंबोळी अर्काचा डबा तळ्याच्या काठावर ठेवूसुद्धा नका.

सावध: नवी वनस्पती थेट तळ्यात कधीच नाही. कोपऱ्यात जाळीचा हापा (पाण्यात टांगलेला पिंजरा) बांधा, त्यात १० मासे ठेवा, तीन दिवस तेच खाद्य द्या. मासे खात असतील आणि एकही सुस्त झाला नसेल तरच पुढे जा.

## टप्पा ४: वेळ ठरवा

आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. म्हणजे आजार दिसल्यावर दिलेलं औषधी खाद्य धडधाकट मासेच खातात, आणि ज्यांना हवं होतं ते उपाशी राहतात. म्हणून ताण येणार हे माहीत असतं, त्याच्या आधी हे खाद्य द्यायचं.

नाशिकमध्ये तो ताण ओळखणं सोपं आहे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर येतो. पाणी हवेइतकं थंड होत नाही, पण २० अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटल्याची भूक झपाट्याने कमी होते आणि तिलापिया तर आणखी हळवी. अंगावर लाल व्रण पडणारा रोगही याच दिवसांत डोकं वर काढतो. म्हणून औषधी खाद्याची मुख्य फेरी मी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठेवतो. पाणी अजून उबदार असतं आणि मासे भरपूर खातात.

आणखी एक छोटी फेरी बीज सोडल्यानंतर. मात्र सोडल्याच्या दिवसापासून नाही. बोटुकली नव्या पाण्यात रुळून नियमित खायला लागायला आठ-दहा दिवस जातात. तोवर साधं खाद्यच द्या.

एक फेरी १४ दिवसांची. त्यानंतर किमान तीन आठवडे साधं खाद्य. "चांगलं आहे तर रोज देऊ" हा मोह आवरा. सतत चेतवलेली प्रतिकारशक्ती थकते, आणि लसणाचा उग्रपणा माशाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही सोसत नाही. त्याच कारणाने प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंचं मिश्रण) आणि लसूण एकाच खाद्यात घालू नका. प्रोबायोटिक फेरी संपल्यावर द्या.

सावध: द्राक्षबागेतली ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी नेमकी याच आठवड्यांत असते. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात, आणि बोर्डो मिश्रणातलं तांबंही घातक आहे. फवारणीचा ब्लोअर तळ्याकडे तोंड करून चालवू नका. वाऱ्याची दिशा बघा. टाकी धुतलेलं पाणी आणि रिकामे डबे तळ्यापासून लांब ठेवा. शेजारच्या बागेचा फवारणीचा दिवस आधी विचारून घ्या. मासे अचानक गिरक्या घेऊ लागले तर रोग शोधत बसण्याआधी काल कुणी काय फवारलं ते विचारा.

## टप्पा ५: खाद्य तयार करा

साहित्य वरच्या हिशेबाचं, ४ किलो तरंगत्या गोळीखाद्यासाठी: सोललेला लसूण ४० ग्रॅम, हळद १६ ग्रॅम, तांदळाची पातळ पेज २४० मिलिलिटर, सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल ४० मिलिलिटर. सोबत वजनकाटा, खलबत्ता, सुती फडकं, रुंद घमेलं आणि स्वच्छ गोणपाट. हाताच्या अंदाजाने काही घेऊ नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

१. पेज आधी करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम पेजेत लसूण घातला तर त्यातला कामाचा घटक तयारच होत नाही.

२. लसूण खलबत्त्यात ठेचा आणि १० मिनिटं तसाच ठेवा. पाकळी फुटल्यावर तिच्यातले दोन घटक एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ॲलिसिन तयार होतं. ठेचल्याबरोबर पेजेत टाकणं ही मला सर्रास दिसणारी चूक आहे. दहा मिनिटांनी वास नाकाला झोंबायला लागतो. तो झोंबला की समजा, काम झालं.

३. ठेचलेला लसूण थंड पेजेत ढवळा आणि फडक्यातून घट्ट पिळून घ्या. चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात. तळ्यात नको.

४. खाद्य घमेल्यात पसरा. एकाने पेज धारेने सोडायची, दुसऱ्याने दोन्ही हातांनी वरखाली करायचं. चोळायचं नाही, गोळ्या फुटतात. एका जागी पेज साचली तर तिथला गठ्ठा होतो आणि उरलेलं कोरडं राहतं.

५. गोणपाटावर पातळ पसरून सावलीत २० ते ३० मिनिटं वाळवा. उन्हात नाही.

६. तेल कोमट करा. धूर येईपर्यंत नाही, बोट लावता येईल इतकंच. त्यात हळद कालवा आणि वाळलेल्या खाद्यावर चोळून घ्या. हळदीतला रंगद्रव्याचा भाग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलाचा थर लसणालाही आत धरून ठेवतो.

पेंड आणि कोंडा देत असाल तर पाणी थोडं जास्त लागेल. गोळे वळून पाण्यात सोडलेल्या थाळीतच ठेवा, तळ्यावर भिरकावू नका.

तपासणी: काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घ्या आणि तयार खाद्याचे दहा दाणे सोडा. पहिल्या मिनिटात पिवळं धुकं पसरलं तर थर बसलेला नाही, अजून वाळवा किंवा तेल नीट चोळा. पाच मिनिटांनी दाणा अजून तरंगत असेल, पाणी जवळपास स्वच्छ असेल आणि दाणा चिमटीत धरल्यावर मऊ पण अखंड लागला, तर खाद्य जमलं. दाणे लगेच बुडाले तर पेज जास्त झाली.

त्या दिवसाचं खाद्य त्याच दिवशी संपवा. ओलसर खाद्याला एका रात्रीत बुरशी धरू शकते, आणि बुरशीचं विष माशाचं यकृत खराब करतं. "आठवड्याचं एकदाच करून ठेवलं" असं कुणी सांगितलं तर मी आधी ते पोतं उघडून वास घ्यायला सांगतो.

## टप्पा ६: खायला घाला

पहिले दोन दिवस निम्मं खाद्य औषधी आणि निम्मं साधं. वास नवा असतो, काही मासे माघार घेतात. तिसऱ्या दिवसापासून पूर्ण.

सकाळी ऊन चढल्यावर द्या, नऊ-दहाच्या सुमारास. तळ्यावर पोचल्याबरोबर सहाला खाद्य फेकायची सवय थंडीच्या तोंडावर सोडा. रोज त्याच कोपऱ्यात द्या. बांबूची चौकट तरंगत सोडली तर खाद्य वाऱ्याने पसरत नाही आणि किती उरलं ते दिसतं.

तपासणी: २० ते ३० मिनिटांत खाद्य संपायला हवं. उरलं तर जाळीने काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी द्या. सलग दोन दिवस निम्म्याहून जास्त उरलं, तर फेरी थांबवा आणि पुन्हा टप्पा १ पासून पाणी तपासा.

## टप्पा ७: पंधराव्या दिवशी मासा हातात घ्या

जाळ्याने १०-१५ मासे काढा. हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच माशाचं पहिलं कवच आहे. कल्ल्याचं झाकण अंगठ्याने हलकं उचला. खालचा भाग लालभडक, ओला आणि कल्ल्याचे कंगव्यासारखे दाते सुटे असावेत. फिकट, तपकिरी किंवा चिकट पांढऱ्या थराने जोडलेले दाते म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. परांच्या मुळाशी आणि पोटाखाली लाल ठिपके आहेत का बघा. वजन आधीच्या वजनाशेजारी लिहा.

खवल्यांवर डाळीच्या दाण्याएवढी, चपटी, सरकणारी पारदर्शक टिकली दिसली तर ती माशाची ऊ. लसणाने ती जाणार नाही. ती कठीण पृष्ठभागावर अंडी घालते, म्हणून तळ्यात लाकडी फळ्या किंवा बांबू उभे सोडा, दर चार-पाच दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा सोडा. शिवाय वरच्या पाण्यातल्या कागदावर ब्रश फिरवा. उवा फार असतील तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने औषध करावं लागेल.

## इथे वनस्पती बाजूला ठेवा

दिवसाला पाच-सहा मासे मरायला लागले, अंगावर खोल व्रण पडले किंवा डोळे बाहेर येऊन पोट फुगलं, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. मेलेले मासे रोज काढून चुना टाकून पुरा. त्या तळ्यातलं जाळं आणि बादली दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका.

नमुना म्हणून मरायला टेकलेला, पण अजून जिवंत मासा लागतो. मरून फुगलेल्या माशातून काही कळत नाही. दोन-तीन मासे वेगवेगळ्या पिशव्यांत घाला, बर्फ पिशवीच्या बाहेरून लावा, सोबत बाटलीभर पाणी घ्या आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे न्या. व्रणांच्या रोगावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने सिफॅक्स नावाचं औषध तयार केलेलं आहे. पण ते निदान झाल्यावर आणि पाण्याचा हिशेब करूनच वापरायचं.

आणि औषधांच्या दुकानातून कोंबड्यांचं प्रतिजैविक आणून खाद्यात मिसळू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना मत्स्यपालनात बंदीच आहे. बाकीचीही अंदाजाने दिली तर रोगजंतू निर्ढावतात आणि औषधाचा अंश खाणाऱ्याच्या ताटात जातो.

## काढणीच्या आधी

विक्रीच्या किमान १० दिवस आधी लसणाचं खाद्य बंद करा. पाच दिवस उरले असताना दोन मासे काढा, साफ करा आणि मसाला न घालता नुसत्या मिठावर उकडा. झाकण उघडताना नाक जवळ न्या, मग पाठीचा तुकडा खाऊन बघा. लसणाचा किंवा शेवाळाचा वास आला तर विक्री चार दिवस पुढे ढकला, साधं खाद्य द्या, थोडं पाणी बदला आणि पुन्हा एक मासा उकडा.